झोपेचं संप्रेरक रेडिएशनच्या मदतीला?

अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन स्रवू लागते. झोपेचं हे संप्रेरक स्तनाच्या कर्करोगावरच्या रेडिएशनलाही हातभार लावेल का?

स्पेनच्या कांताब्रिया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या एमसीएफ-७ या स्तन-कर्करोग पेशींना किरण देण्याआधी आठवडाभर मेलाटोनिन दिलं. नुसत्या किरणांपेक्षा पेशींची वाढ जास्त रोखली गेली. कारण? किरणांनी डीएनएचे दोन्ही धागे तुटतात आणि ते सांधणारी आरएडी५१सारखी प्रथिनं मेलाटोनिनमुळे घटली होती. दुरुस्तीचे कारागीरच रजेवर!

इस्रायलमधल्या एका छोट्या चाचणीत मेलाटोनिनचं क्रीम लावणाऱ्या रुग्णांमध्ये रेडिएशनमुळे होणारा त्वचेचा दाहही कमी दिसला.

पण बशीतल्या पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. उपचार चालू असताना मेलाटोनिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.