‘रॅन्सिड’ आणि ‘खवट’ : एक अर्थविचार

अन्नाच्या बिघाडाचे शब्द स्वयंपाकघरात घडतात आणि कालांतराने माणसाच्या स्वभावास लागू होतात. या दृष्टीने ‘रॅन्सिड’ या इंग्रजी विशेषणाचा विचार उद्बोधक ठरतो.

हा शब्द कोणत्याही नासलेल्या पदार्थास सरसकट लागत नाही. त्याचा मुख्य संबंध स्निग्ध पदार्थांशी आहे. हवेतील ऑक्सिजनमुळे तेलातुपाचे ऑक्सिडीकरण होते, किंवा पाण्याच्या संयोगाने त्यांतील मेदाम्ले सुटी होतात. त्यातून येणारा उग्र दर्प ‘रॅन्सिड’ने सूचित होतो. मराठीतही असाच काटेकोर भेद आहे : दूध नासते, भात आंबतो, भाकरीला बुरशी येते, खोबरे, शेंगदाणे आणि तूप मात्र खवट होते. त्यामुळे ‘रॅन्सिड’साठी ‘सडका’ किंवा ‘कुजका’ योजणारा अनुवादक मूळ शब्दाची नेमकी चवच गमावतो. हिंदीतील शालेय विज्ञानाने याच संकल्पनेसाठी ‘विकृतगंधिता’ ही संस्कृतनिष्ठ संज्ञा स्वीकारली. मराठीस ‘खवटपणा’ घरातच उपलब्ध होता.

‘दुर्गंध येणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला ‘रॅन्सिड’ 17व्या शतकात इंग्रजीत रूढ झाला. त्याच मुळापासून आलेले ‘रँकर’ हे नाम मात्र फ्रेंचमार्गे त्यापूर्वीच इंग्रजीत पोहोचले होते. त्याचा अर्थ मनात साठवलेला द्वेष. इंग्रजीने चव आणि वृत्ती अशा रीतीने दोन शब्दांत वाटून घेतली. मराठीत एकच शब्द दोन्हीकडे चालतो : खोबरे खवट, तसेच बोलणेही खवट.

तथापि हे साम्य पूर्ण नाही. मराठी खवटपणा जिभेवर असतो. ‘रँकर’ अंतःकरणात मुरतो. त्यासाठी मराठीत ‘आकस’ किंवा ‘डूख’ हेच शब्द जवळचे.

विचारसरणीस ‘रॅन्सिड’ म्हटले असता खरी अडचण उभी राहते. ‘बुरसटलेले विचार’ म्हटल्यास केवळ जुनाटपणा सूचित होतो. ‘खवट विचार’ मराठीत रूढ नाही. मूळ शब्दात मात्र एकेकाळी पोषक असलेली गोष्ट आतून बिघडल्याची जाणीव असते. अशा ठिकाणी एका शब्दास एक पर्याय शोधण्याऐवजी ही जाणीव वाक्यरचनेतून सांभाळणे अधिक श्रेयस्कर होय.