गाडीतला नाद : वूफर बंद केला की वाढणारा बेस

वूफरच्या बॉक्सची मापं आज द्यायची होती, ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. नाशिकच्या सिडकोतल्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न इतका मोलाचा आहे की त्याला अख्खा लेख द्यायलाच हवा. त्यांच्या वॅगनआरच्या डिक्कीत बारा इंची वूफर आहे. मागच्या लेखानंतर त्यांनी अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला आणि थिंबल घट्ट आवळलं. इंजिन चालू असताना ॲम्पच्या टोकांवर 14 व्होल्टच्या आसपास मिळतात, म्हणजे वायरिंगचं दुखणं मिटलं. तरीही बेस अंगावर येत नाही. शेवटी ते विचारतात, ‘वूफर बंद केला की गाणं उलट जास्त भरीव वाटतं. हा माझा भास आहे का?’

भास अजिबात नाही. इतकं स्पष्ट लक्षण क्वचितच मिळतं. दरवाज्यांतले स्पीकर आणि डिक्कीतला वूफर एकमेकांचा आवाज खाताहेत.

अशी गाडी दुकानात गेली की ‘ॲम्प कमी पडतोय’ हेच उत्तर बहुतेक वेळा ऐकायला मिळतं आणि गिऱ्हाईक आणखी हजारो रुपये मोजतं. याचं मला फार वाईट वाटतं. जो आवाज दुसऱ्या आवाजाला मारतोय त्याला जास्त ताकद देऊन काय साधणार? पैसे खर्च करण्याआधी एक तार उलटी करून बघायची असते, आणि तिला काहीच खर्च येत नाही.

आता हे घडतं कसं ते बघू. स्पीकरचा कोन पुढे आला की हवेचा दाब वाढतो, मागे गेला की कमी होतो. दोन सारख्या ताकदीचे स्पीकर एकाच क्षणी पुढे आले तर तुमच्या कानाशी 6 डेसिबलची वाढ होते. एक पुढे आणि दुसरा मागे असेल तर बेरीज शून्य. ही दोन टोकं झाली. खरी गंमत मधल्या अवस्थांत आहे. दोघांत 90 अंशांचा फरक असेल तर 3 डेसिबल पदरात पडतात. 120 अंशांवर काहीच मिळत नाही, दुसरा स्पीकर असून नसल्यासारखा. 120 च्या पुढे गेलात की दोघांचा मिळून आवाज एकट्यापेक्षाही कमी होतो. आपले वाचक नेमके तिथे अडकलेत. वूफर बंद केल्यावर अगदी खालचे 30–40 हर्ट्झ जातात खरे, पण 70 ते 100 हर्ट्झचा पट्टा मोकळा होतो. गाण्यातला ठोका बहुतांशी याच पट्ट्यात असतो, म्हणून गाणं भरीव वाटतं.

पहिला संशय अर्थातच प्लस-मायनसचा. वूफरच्या तारा ॲम्पपासून सोडवा, एक साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, त्याचा प्लस वूफरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर खुणा बरोबर आहेत. हीच चाचणी दरवाज्यातल्या प्रत्येक स्पीकरवर करा, तीही स्टिरिओकडून येणाऱ्या तारांच्या टोकाशी. दरवाज्याच्या आत कुणी जोड दिला असेल आणि त्यात तारा उलटल्या असतील तर त्या अशाच सापडतात. डावा-उजवा एकमेकांच्या उलट लागलेले असले तर वूफरला दोष देण्यात अर्थच नाही.

दुहेरी कॉइलचा वूफर असेल तर आणखी एक ठिकाण तपासायचं. अशा वूफरला दोन्ही बाजूंना मिळून चार टोकं असतात. 4 ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर 2 ओहम होतात, एकामागे एक जोडल्या तर 8. या जोडणीत एका कॉइलची टोकं चुकून उलटली की एक कॉइल कोनाला बाहेर ढकलते आणि दुसरी त्याच क्षणी आत खेचते. कोन जेमतेम थरथरतो. ॲम्पची ताकद मात्र पूर्ण खर्च होते आणि तिची सगळी उष्णता कॉइलमध्ये साठते. कोन हलत नसल्याने कॉइलला वाराही लागत नाही. जळका वास येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे दुहेरी कॉइलचा वूफर मुका वाटला तर आवाज वाढवून बघू नका, आधी जोडणी उघडा. एकाच बॉक्समधल्या दोन वूफरची कसोटी वेगळी. एकाची तार काढून बघा. बेस वाढला तर दोघे एकमेकांच्या विरोधात होते.

इथपर्यंतचं बहुतेक कारागिरांना ठाऊक असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे : सगळ्या तारा बरोबर असूनही आवाज कापला जाऊ शकतो.

ॲम्पवरचा लो-पास फिल्टर वरचे सूर अडवतो, पण त्याचबरोबर तो उरलेल्या आवाजाला उशीरही करतो. नेहमी आढळणारा 12 डेसिबल प्रति सप्तक उताराचा फिल्टर त्याच्या कापाच्या जागी, समजा 80 हर्ट्झवर, आवाज 90 अंश मागे टाकतो. दरवाज्यांच्या स्पीकरला तसाच, पण खालचे सूर अडवणारा हाय-पास लावलात तर तो 90 अंश पुढे ढकलतो. दोघांतलं अंतर झालं 180 अंश. म्हणजे नेमक्या 80 हर्ट्झवर, जिथे दोघांनी हातात हात घालायचा, तिथेच खड्डा. म्हणूनच या उताराच्या जोडीत एका स्पीकरच्या तारा मुद्दाम उलट्या लावायची जुनी रीत आहे. ह्युलेट-पॅकार्डमधले अभियंते सिगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली यांची 1976 मध्ये मांडलेली रचना इथे उपयोगी पडते. तिच्या 24 डेसिबल उताराच्या रूपात दोन बाजूंतलं अंतर पूर्ण 360 अंश होतं, म्हणजे दोघे पुन्हा एकत्र चालतात आणि तार उलटावी लागत नाही. डीएसपी असलेल्या स्टिरिओत ‘एलआर 24’ असा पर्याय दिसला तर तो याच दोघांच्या आद्याक्षरांचा.

त्यात भर अंतराची. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, तेव्हा 80 हर्ट्झची एक लाट सुमारे 4.3 मीटर लांब. ड्रायव्हरच्या कानापासून डिक्की दरवाज्यापेक्षा मीटरभर लांब धरली तर वूफर आणखी 84 अंश मागे पडतो. दरवाज्यांना हाय-पास नसेल, तर फिल्टरचे 90 आणि अंतराचे 84 मिळून 174. तार न चुकता आवाज जवळपास उलटा! सिडकोच्या वॅगनआरमध्ये हेच झालं असण्याची दाट शक्यता आहे. हाय-पास लावला की हिशेब पुन्हा बदलतो, काचा आणि मागच्या दारावरून परतणारे आवाज त्यात आणखी मिसळतात. कागदावर एवढंच कळतं. निकाल कानानेच लावावा लागतो.

तो असा लावा. गाडी बंद जागेत नको, मोकळ्यावर उभी करा, गंगापूर रोडच्या पुढे धरणाकडे जाताना अशा जागा पुष्कळ आहेत. काचा वर, दारं बंद, तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर. मोबाइलवरून 80 हर्ट्झचा अखंड सूर मध्यम आवाजात लावा आणि मागे बसलेल्या मित्राला ॲम्पवरचं फेजचं बटण 0 आणि 180 असं फिरवायला सांगा. बटण नसेल तर ॲम्प बंद करून वूफरच्या दोन तारांची अदलाबदल करा. ज्या स्थितीत आवाज मोठा, ती बरोबर. मग 70 आणि 90 हर्ट्झवर तेच करून खात्री करा. फरक अगदी किरकोळ वाटला तर समजा तुम्ही 90 अंशांच्या आसपास आहात. तेव्हा कापाची जागा 10 हर्ट्झ खाली-वर करा, किंवा बॉक्सचं तोंड मागच्या दाराकडून सीटकडे फिरवून बघा. स्टिरिओत टाइम अलाइनमेंट असेल तर जवळच्या स्पीकरना उशीर द्यायचा, दर मीटरला साधारण 3 मिलिसेकंद.

सूर जुळला की खऱ्या संगीतावर या. त्यासाठी मला नाशिक ढोलाच्या रेकॉर्डिंगइतकं चांगलं काही सापडलेलं नाही. ढोलाचा ठोका वूफर आणि दरवाजा दोघांनाही कामाला लावतो आणि ताशा वरून प्रत्येक फटक्याची सुरुवात कानाला दाखवून देतो. जुळणी बरोबर असेल तर ढोल समोरून, काचेच्या पलीकडून वाजल्यासारखा ऐकू येतो. चुकली असेल तर ताशा पुढे आणि ढोलाचं धूड मागे डिक्कीत, असे दोन तुकडे होतात. विसर्जन मिरवणुकीत ज्याने ढोल छातीवर झेललाय त्याला हे दुभंगणं लगेच कळतं. ती ओळख नाशिककरांना उपजतच असते.

गाडीच्या घडणीचाही यात वाटा आहे. सातपूरच्या कारखान्यातून निघालेल्या जुन्या स्कॉर्पिओत मागचा भाग केबिनला मोकळा जोडलेला असतो, त्यामुळे वूफरचा आवाज सरळ पुढे येतो. सेदानमध्ये मधे सीटची पाठ आणि मागचा पत्रा आडवा येतो, आवाज वाटा शोधत पुढे पोचतो आणि जुळणीला वेळ लागतो. सेदानवाल्यांनी सीटच्या पाठीतली मधली झडप उघडून एकदा ही चाचणी करावी.

दुसरा प्रश्न ओझरहून आलाय : एक्सलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टीसारखा सूर चढत जातो. तो अल्टरनेटरचा. आरसीए केबल आणि बॅटरीची जाड तार गाडीच्या एकाच बाजूने गेली असेल तर दोन बाजूंना वेगळी करा. आणि स्टिरिओचं अर्थिंग डॅशबोर्डखालच्या कुठल्याशा स्क्रूला आहे का तेही बघा. आरसीएच्या पिना ॲम्पमधून काढल्यावर शिट्टी थांबली तर दोष ॲम्पच्या अलीकडचा आहे.

पुढच्या आठवड्यात नक्की बॉक्स, म्हणजे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांची आकडेमोड. तोपर्यंत डिक्कीची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजून लिहून ठेवा. चाकाच्या कमानीचा फुगवटा आणि मागच्या दाराचा उतार वेगळा मोजा, आणि स्टेपनी बाहेर काढता येईल एवढी जागा त्यातून आधीच वजा करा.