तीन मायक्रॉनचं पाणी

ही ओळ वाचताना पापणी लवू देऊ नका. एकाच शब्दावर नजर रोखा आणि थांबा. पाच-सात सेकंद काहीच होणार नाही. मग डोळ्यात किंचित गार वाटेल, पाठोपाठ चुरचुरेल आणि बऱ्याच जणांना त्याच सुमारास अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसू लागतील. आता डोळे पूर्ण मिटा आणि उघडा. अक्षरं पुन्हा रेखीव झाली असतील. दरम्यान चष्म्याचा नंबर बदलला नाही, डोळ्याच्या आतल्या भिंगानंही काही वेगळं केलं नाही. बदललं ते फक्त डोळ्यावरचं पाणी.

हा पाण्याचा थर जेमतेम तीन मायक्रॉन जाडीचा असतो. डोक्याच्या एका केसाच्या जाडीचे वीसेक भाग केले, तर त्यातला एक भाग. पण आपण जे काही पाहतो, त्याची सुरुवात या थरापासून होते. प्रकाश वळवून आतल्या पडद्यावर (रेटिनावर) नेमका आणण्याची डोळ्याची जी एकूण ताकद आहे, तिचा जवळजवळ दोन तृतीयांश वाटा डोळ्याच्या अगदी पुढच्या पृष्ठभागाचा आहे. हवा संपते आणि अश्रू सुरू होतात त्या सीमेचा. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं ते याचमुळे. बाहेरही पाणी आणि डोळ्यावरही पाणी, म्हणजे हवेची सीमाच पुसली जाते आणि तिच्याबरोबर डोळ्याचं सर्वांत मोठं भिंगही जातं. इतकी मोठी जबाबदारी इतक्या पातळ पाण्यावर सोपवलेली आहे, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा आरशात आपल्याच डोळ्यांकडे पुन्हा निरखून पाहावंसं वाटतं.

दिवसभर कॉम्प्युटरवर काम करून डोळे चुरचुरतात, जड होतात, संध्याकाळी लाल दिसतात, तेव्हा आपण बोट दाखवतो स्क्रीनच्या उजेडाकडे. मला वाटतं, बोट चुकीच्या जागी दाखवलं जातंय. उजेडापेक्षा या पाण्याची गोष्ट मोठी आहे.

हे पाणी नुसतं पाणी नव्हे. तळाला, कॉर्नियाला म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला चिकटून, एक बुळबुळीत द्रव्य असतं. त्याच्यामुळे पाणी डोळ्यावर पसरून राहतं. मध्ये खारट पाणी, त्यात जंतूंच्या भिंती फोडणारं लायसोझाइम नावाचं रसायन. पेनिसिलिनमुळे प्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं पेनिसिलिनच्याही आधी, १९२२ साली, लायसोझाइमबद्दल लिहिलं होतं. आणि सगळ्यांत वर तेलाचा थर. मिसळीच्या रश्श्यावर तर्री पसरली की खालच्या रश्श्याची वाफ अडते, तसं हे तेल खालचं पाणी उडू देत नाही. तेल तयार होतं पापण्यांच्या आतल्या ग्रंथींत. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम यांनी १६६६ साली या ग्रंथींचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. वरच्या पापणीत तीसेक आणि खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी ग्रंथी असतात. केसांच्या रांगेमागे पापणीच्या कडेवर त्यांची बारीक तोंडं ओळीनं उघडतात.

आता पापणीकडे पाहू. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये कुणाच्या तरी डोळ्याचं चित्रण करून बघा, मी सांगतो त्यावर विसंबू नका. वरची पापणी खाली येते. खालची फारशी वर जात नाही, ती नाकाच्या बाजूला सरकते. मिटण्याची सुरुवात बाहेरच्या कोपऱ्याकडून होते आणि नाकाकडे संपते, त्यामुळे वापरलेलं पाणी त्याच दिशेनं ढकललं जातं. तिथे, पापणीच्या आतल्या टोकाशी, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. खालची पापणी बोटानं हलकेच बाहेर ओढून आरशात पाहिलं तर ते दिसतं. त्यातून पाणी नाकात उतरतं. रडताना नाक वाहतं ते यामुळेच. दोन्ही पापण्या एकमेकींना टेकल्या की ग्रंथींवर दाब पडतो, तेलाचा नवा थेंब बाहेर येतो आणि पापणी वर जाताना तेल-पाण्याचा ताजा थर डोळ्यावर ओढत नेते. सगळं मिळून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात किंवा त्याहूनही कमी वेळात. कॉर्नियामध्ये रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिला प्राणवायू मुख्यतः हवेतून, याच थरामार्फत मिळतो. म्हणजे पापणी लवते तेव्हा डोळा पुसला जातो, त्याला तेल लागतं आणि श्वासाची सोयही होते.

पण पापणीला कधी लवायचं हे कळतं कसं? इथे मी खरोखर थक्क झालो. कॉर्नियामध्ये गारवा ओळखणारे मज्जातंतू आहेत. डोळ्यावरचं पाणी उडायला लागलं की तो पृष्ठभाग थोडा गार पडतो, अगदी अंशाच्या काही भागानं. तेवढा फरक हे तंतू टिपतात आणि मेंदूला कळवतात: पाणी पाठवा, पापणी लववा. यातला पाणी पाठवण्याचा भाग स्पेनमधल्या कार्लोस बेल्मोंते यांच्या गटानं २०१० साली दाखवून दिला. या तंतूंमध्ये जो संवेदक रेणू असतो, तोच पुदिन्यातल्या मेंथॉलनं जागा होतो. पेपरमिंटची गोळी तोंडात गार लागते आणि कपाळाला बाम चोळल्यावर डोळ्यांना गार वाटतं, त्यामागे हाच रेणू. सुरुवातीच्या प्रयोगात चुरचुरण्याआधी जो गारवा जाणवला, तो पाणी आटल्याचा निरोप होता.

हा निरोप येत असूनही आपण तो मागे सारू शकतो, आणि रोज सारतो. मन कशात तरी गुंतलं की मेंदू पापणीला थांबवून धरतो. जपानमधल्या तामामी नाकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक सुंदर निरीक्षण मांडलं. लोकांना मिस्टर बीनच्या चित्रफिती दाखवल्या, तर त्यांच्या पापण्या बऱ्याचदा एकाच वेळी लवत होत्या: एखादी कृती संपली की, मुख्य पात्र पडद्यावरून गेलं की. गोष्टीतला महत्त्वाचा क्षण निसटू नये म्हणून मेंदू नकळत विरामाची वाट पाहतो आणि त्या विरामात पापणी मिटून घेतो. बोलताना, गप्पा मारताना असे विराम मुबलक असतात. एक्सेलच्या तक्त्यात, कोडमधल्या चुकीच्या शोधात, एकामागून एक सरकत राहणाऱ्या रील्समध्ये विराम येतच नाही.

महाभारतातल्या नल-दमयंतीच्या कथेत स्वयंवराच्या मंडपात दमयंतीसमोर पाच नल उभे राहतात. चौघे देव, एक माणूस. देवांच्या अंगावर घाम नाही, माळा कोमेजलेल्या नाहीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत आणि पापण्या लवत नाहीत. ज्याची पापणी लवते तो आपला नल, हे तिला कळतं. ज्यानं कुणी ही खूण योजली, त्यानं माणसाच्या चेहऱ्याकडे किती बारकाईनं पाहिलं असेल!

आता आकडे. १९९३ साली जपानी नेत्रतज्ज्ञ काझुओ त्सुबोता आणि त्यांच्या सहकाऱ्यानं ऑफिसात काम करणाऱ्या १०४ जणांच्या पापण्या किती वेळा लवतात ते मोजलं. निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा. टेबलावरचं पुस्तक वाचताना १०. कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचताना ७. हे आकडे पुढे खूप फिरले, आणि योग्यच झालं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट मोजली होती, ती मात्र फारशी कुणी सांगत नाही. डोळ्याचा किती भाग उघडा राहतो? पुस्तक वाचताना नजर खाली असते, वरची पापणी खाली उतरलेली असते, त्यामुळे सुमारे १.२ चौरस सेंटिमीटर भाग उघडा होता. स्क्रीनसमोर तोच २.३, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पुस्तकातही पापणी कमी लवते, पण तिथे ती छपरासारखी अर्धी खाली असते. स्क्रीनसमोर पापणी कमी लवते आणि डोळा टक्क उघडाही असतो. शिवाय जी काही लवते ती बऱ्याचदा अर्धवट. वरची पापणी अर्ध्यावरूनच परत फिरते, कडा टेकत नाहीत, तेल येत नाही आणि कॉर्नियाचा खालचा पट्टा कोरडा राहतो.

म्हणूनच माझ्या मते सगळ्या उपायांत पहिला मान स्क्रीनच्या उंचीचा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली, पडदा वरच्या बाजूनं किंचित मागे कललेला आणि अंतर साधारण हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर. मग नजर आपोआप खाली उतरते. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर चढवणारे मानेची काळजी घेत असतात आणि ती घ्यायलाच हवी. फक्त चळत इतकी उंच नको की डोळे वर करून पाहावं लागेल. एसीचा झोत किंवा पंख्याचा वारा थेट चेहऱ्यावर येत असेल तर खुर्ची वळवा. मुंबईच्या दमट हवेतही डोळे कोरडे पडतात, कारण काम करणारा माणूस मुंबईच्या हवेत नसतोच, तो एसीनं ओलावा काढून घेतलेल्या हवेत आठ-नऊ तास बसलेला असतो. आणि अधूनमधून, ईमेल पाठवल्यावर, फाइल उघडेपर्यंत, डोळे सावकाश पूर्ण मिटा, क्षणभर मिटलेलेच ठेवा, मग उघडा. तेवढ्यानंही ग्रंथींतून तेल येतं.

दुसरी गोष्ट डोळ्याच्या आतली. जवळचं पाहताना आतलं भिंग फुगतं, हे आज शाळेत शिकवतात, पण ते सिद्ध करायला इंग्रज वैज्ञानिक थॉमस यंगनं स्वतःचाच डोळा वापरला. १८०० साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे प्रयोग मांडला: डोळ्याला पाणी भरलेली नळी लावून त्यानं कॉर्नियाची ताकद बाद केली, विहिरीतल्या बुडीसारखीच, आणि तरीही जवळ-दूर नजर जुळवता येते हे दाखवलं. म्हणजे काम आतल्या भिंगाचंच. पुढे जर्मन वैज्ञानिक हेल्महोल्ट्झनं यंत्रणा उलगडली. भिंगाभोवती स्नायूचं कडं असतं. ते आवळलं की भिंगाला ताणून धरणारे धागे सैल पडतात आणि भिंग फुगतं. दूर पाहताना स्नायू सैल असतो. डोळ्याचा आराम दूरवर आहे, जवळ पाहणं ही मेहनत आहे. त्यातच दोन्ही डोळे आत वळवून धरायचे आणि बाहुल्या आक्रसायच्या. मोबाइल २५ सेंटिमीटरवर धरला तर हातभर दूरच्या स्क्रीनपेक्षा दुपटीहून जास्त मेहनत.

अमेरिकन ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अॅन्शेल यांनी दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहायला सांगितलं, ते या स्नायूसाठी. वीस फुटांवर, म्हणजे सहा मीटरवर, स्नायू जवळजवळ पूर्ण सैल होतो. बाकीचे दोन वीस लक्षात राहायला सोपे आहेत. विसाव्याऐवजी पंचविसाव्या मिनिटाला मान वर केली तरी काही बिघडत नाही. खिडकीबाहेरचं झाड, समोरच्या इमारतीची गच्ची, काहीही चालेल. फक्त त्या विश्रांतीत मोबाइल उघडायचा नाही.

चाळिशी लागली की भिंग कडक होत जातं आणि हे फुगणं कमी होतं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं पाहण्याचा भाग तळाला असतो, म्हणून स्क्रीन वाचायला लोक हनुवटी वर करतात आणि संध्याकाळी मान धरते. डॉक्टरांना आपल्या स्क्रीनचं अंतर मोजून सांगा. तेवढ्या अंतरासाठी वेगळा चष्मा बनतो आणि खर्च सार्थकी लागतो.

निळा प्रकाश रोखणाऱ्या काचांबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेनं २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात डोळ्यांच्या थकव्यावर या काचांचा साध्या काचांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडातल्या निळ्या प्रकाशापुढे अगदी थोडा असतो. रात्रीच्या झोपेचा प्रश्न वेगळा, त्यासाठी फोन वेळेवर बाजूला ठेवणं जास्त बरं.

डोळ्यांतून पाणी वाहतंय म्हणजे डोळे कोरडे नाहीत, असा समज सर्रास आढळतो. उलट कोरडेपणानं चिडलेला डोळा एकदम भरपूर पाणी सोडतो, पण ते पाणी तेलाविना येतं आणि गालावर ओघळून जातं. अशा वेळी सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटं ठेवावा, गार पडला की पुन्हा गरम करून. ग्रंथींत थिजलेलं तेल पातळ होतं आणि मोकळं होतं. कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरायचे तर एका डोळ्यात एकच थेंब पुरे, कारण डोळ्यावर मुळात त्या थेंबापेक्षा कितीतरी कमी पाणी मावतं. दिवसातून बऱ्याच वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. मेडिकलमधून ‘डोळे लाल झालेत, काहीतरी द्या’ म्हणून थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर आराम लगेच पडतो, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापरत राहिल्यानं डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. खूप दुखणं, उजेड न सोसणं, अचानक कमी दिसणं, नजरेसमोर पडदा आल्यासारखं किंवा दिव्याभोवती रंगीत वलयं दिसणं, यांचा कॉम्प्युटरच्या थकव्याशी संबंध जोडून घरी बसू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.