ग्रॅमीतली प्रादेशिक खिचडी

ग्रॅमीतला माझा लाडका विभाग म्हणजे 'बेस्ट रिजनल रूट्स म्युझिक अल्बम'. टीव्हीवर तो क्वचितच दिसतो! २०११ मध्ये ग्रॅमीने विभाग १०९ वरून ७८ वर आणले. हवाईयन, नेटिव्ह अमेरिकन आणि लुइझियानाचं झायडेको-केजन संगीत यांची स्वतंत्र बक्षिसं गेली आणि सगळे इथे एकत्र आले. पहिला मान २०१२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रीबर्थ ब्रास बँडला. मतं देतात गायक, वादक, निर्माते, ध्वनिमुद्रक; खप मोजला जात नाही, हे उत्तमच. पण हवाईची गिटार आणि लुइझियानाचा अ‍ॅकॉर्डियन यांत सरस कोण, हे ठरवायचं कसं? मला तर हे विलीनीकरण अन्यायाचंच वाटतं. तरी हवाईच्या कलानी पेआने २०१७, २०१९, २०२२ आणि २०२५, चारदा बाजी मारली. त्याचा 'ई वालेआ' हा अल्बम नक्की ऐका, हेडफोन लावून.