डमरूची कंबर

दाबयंत्रात काँक्रीटचा क्यूब फुटला की कडेचे पापुद्रे गळतात आणि उरतो डमरू. साइटवर क्यूब टेस्टिंग केलेल्यांना हे रूप पाठ असतं. कॉम्प्युटरला ते साधायला वेळ लागला, कारण त्याला आधी दुसरंच काम दिलं होतं: ताणाखालची भेग.

1967 मध्ये न्गो आणि स्कॉर्डेलिस यांनी कॉम्प्युटरच्या गणितात तुळईचे तुकडे पाडले आणि भेग त्या तुकड्यांच्या कडेकडेने नेली. वर्षभरात रशीद यांनी ती तुकडाभर पसरवून टाकली. त्यांच्यासमोर अणुभट्टीची काँक्रीटची भांडी होती. दोन्हीकडे भेग ताणाने उघडणारी. दाबाखालची भेग चोरटी. ती कुठे जन्मते हे कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींनी 1963 मध्येच काँक्रीटचे काप मायक्रोस्कोपखाली धरून दाखवलं होतं. खडी आणि मसाल्याच्या सांध्यात भार येण्याआधीच बारीक भेगा असतात. भार चढला की त्या मसाल्यात शिरतात आणि एकमेकींना गाठतात. गणितात खडीच नसेल तर हे दिसणार कुठून?

खडी पडद्यावर आणली विटमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लोझानला. 1985 मधलं हे ‘न्यूमरिकल काँक्रीट’. पुढे 1992 मध्ये डेल्फ्टच्या श्लांगेन आणि व्हान मीर यांनी काँक्रीटच्या जागी दांड्यांची जाळीच मांडली. जिला भार सोसवत नाही ती पहिली दांडी काढून टाकायची, पुन्हा हिशेब, पुन्हा एक दांडी. इतकी सोपी युक्ती आधी कुणाला कशी सुचली नाही, असं वाटतं. खरं तर दांड्यांची जाळी ह्रेनिकॉफ यांनी 1941 मध्येच वापरली होती, फक्त हिशेब करायला यंत्र नव्हतं. ताणाखाली या जाळीतल्या भेगा अस्सल वाटतात. दाबाखाली गाडं अडतं. तिथे भेगेचे काठ एकमेकांवर घासतात आणि घासताघासता भार पेलतात. काढून टाकलेली दांडी घासणार कशी? घर्षणाचा हिशेब कंडल आणि स्ट्रॅक यांच्या 1979 च्या दाणेदार पदार्थांच्या पद्धतीत होता. काँक्रीटवाल्यांनी तो तिथून उचलला.

आणि घर्षण फक्त भेगेत नसतं. यंत्राची पोलादी प्लेट काँक्रीटला बाजूला फुगू देत नाही, म्हणून प्लेटलगतचा भाग शाबूत राहतो आणि डमरूला कंबर येते. प्लेटवर टेफ्लॉनसारखं काही घसरतं घातलं की तोच नमुना उभ्या भेगांनी चिरफळतो. पडद्यावर डमरू हवा असेल तर प्लेटचं घर्षणही गणितात घालावं लागतं. अमेरिकेतला 150 मिमी व्यासाचा सिलिंडर दुप्पट उंच असतो, त्याचा मधला भाग या पकडीपासून दूर राहतो. म्हणून एकाच घाण्यातलं काँक्रीट असूनही तो आपल्या क्यूबच्या साधारण 80 टक्केच ताकद दाखवतो.