लोक अदालतीची नोटीस आली की
ई-चलान थकले की लोक अदालतीची नोटीस येते आणि माणूस घाबरून पैसे भरून टाकतो. पण ही अदालत १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तडजोडीसाठी बसते. तिथे पुरावा तपासून दोष ठरवला जात नाही. चूक मान्य असेल तर तिथेच मिटवावे. फोटोतली गाडी आपली नसेल, तर मात्र तडजोड नाकारावी. नेहमीच्या न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क शाबूत राहतो. पाचशे रुपयांसाठी दिवस का मोडायचा, असे कोणी म्हणेल. पण न केलेला गुन्हा आपल्या नावावर राहू देणे परवडणारे नाही, कारण मोटार वाहन कायद्यात अनेक गुन्ह्यांना दुसऱ्या खेपेस शिक्षा वाढते. दारू पिऊन गाडी चालवल्याचे प्रकरण वेगळे: पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तिथे वकिलाशिवाय उभे राहू नये.