घर सुटलं, वर्दी सुटेना!

समजा, तुम्ही बावीस वर्षांचे आहात. सरकारी नोकरी आहे, पगार वेळेवर होतोय. आणि एक दिवस कळतं, की अख्खं खातंच बंद होणार! बरं, गावी परतायचीही सोय नाही. गावाच्या लेखी तुम्ही गद्दार. १९२२ साली आयर्लंडमधल्या कितीतरी पोरांवर हीच वेळ आली होती.

तिथल्या पोलीस दलाचं नाव रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी. हुकूम ब्रिटिश सरकारचा, पण शिपाई बहुतेक तिथलेच. त्यात शेतकऱ्यांच्या, कॅथलिक घरांतल्या मुलांचा भरणा मोठा. शेतीत सगळ्या भावांचं भागायचं नाही. मग एक तर परदेश गाठायचा, नाहीतर वर्दी चढवायची. नियमही कडक. स्वतःच्या काउंटीत पोस्टिंग नाही आणि सात वर्षं नोकरी झाल्याशिवाय लग्न नाही!

१९१९ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि पोलिसांवर बहिष्कार पडला. ओळखीची माणसंही तोंड फिरवू लागली. १९२१ पर्यंत चारशेहून अधिक पोलीस मारले गेले. माणसं कमी पडू लागली तेव्हा सरकारने ब्रिटनमधल्या माजी सैनिकांना रोज दहा शिलिंगांवर भरती केलं. हेच ते बदनाम 'ब्लॅक अँड टॅन्स'. त्यांच्या जाळपोळीचा राग जुन्या शिपायांवरही निघाला.

डिसेंबर १९२१ मध्ये करार झाला आणि पुढच्या वर्षी हे दल मोडीत निघालं. नेमकं तेव्हाच वसाहतमंत्री विन्स्टन चर्चिल यांना पॅलेस्टाईनमध्ये माणसं हवी होती. लष्कर ठेवणं महाग पडत होतं. मग याच मोडलेल्या दलातून सातशेहून जास्त जणांचं नवं सशस्त्र पोलीस दल उभं राहिलं आणि एप्रिल १९२२ मध्ये हैफा बंदरात उतरलं. त्यात ब्रिटिश माजी सैनिक भरपूर होते, पण आयरिश पोरंही कमी नव्हती.

गंमत बघा, ज्या साम्राज्यापायी घर सुटलं, त्याच साम्राज्यासाठी ही पोरं दुसऱ्याच्या देशात पहारा देऊ लागली. १९२६ मध्ये तेही दल बंद झालं! काही जण मग पॅलेस्टाईन पोलिसांत गेले.

हा इतिहास आपल्यापासून फार लांबचा नाही. १८४३ नंतर चार्ल्स नेपियरने सिंधमध्ये आयरिश दलाच्या धर्तीवर पोलीस उभे केले आणि मुंबई इलाख्याच्या पोलीस सुधारणेत तोच नमुना डोळ्यांसमोर होता. कोलकात्यात क्रांतिकारकांच्या मागे हात धुऊन लागलेला पोलीस आयुक्त चार्ल्स टेगार्टही मूळचा आयरिश. पुढे तोही पॅलेस्टाईनला गेला.

या पोरांना गद्दार म्हणायचं की बेरोजगार? मला वाटतं, भरती होताना त्यांना पगार दिसत होता. पण समोरच्या अरब किंवा ज्यू माणसाला दिसत होती फक्त वर्दी. आतल्या माणसाची अडचण वर्दीवर लिहिलेली नसते. आणि त्या अडचणीमुळे वर्दीने केलेलं काम पुसलंही जात नाही.